महेश्वरच्या वाड्यातले जेवण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आमचे नाव घालण्याचा निर्णय कार्यकारिणीने घेतला तेव्हा आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले होते, की आम्ही विद्वान नव्हे. बी. ए. झालो तोही इतिहास घेऊन, आणि पुढची एकतीस वर्षे केंद्र सरकारच्या नस्त्यांवर टिपणे लिहिण्यात गेली. नस्तीवर 'मी' लिहावयाचे नसते. ती सवय इतकी मुरली आहे की घरातही आमच्या तोंडून 'आम्ही'च येते आणि मुले हसतात. तरी आपण सांभाळून घ्यावे. विषय कोणता, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा आम्ही म्हटले, जेवणाचा. ते प्रसन्न झाले. दामोदरच्या खोऱ्यात पन्नास वर्षे पुरणपोळीसाठी एकत्र जमणाऱ्या मंडळींपुढे दुसरा कोणता विषय मांडावा?

तर हे जेवण महेश्वरच्या किल्ल्यातले आहे. २०२३ च्या कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या दोन दिवस अलीकडे, ते आम्ही जेवलो.

महेश्वर हे नाव आपणांपैकी भगिनींना साड्यांमुळे ठाऊक असते आणि बंधूंना भगिनींमुळे. इंदूरहून ते सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. विंध्याचा घाट उतरून निमाडात शिरले की हवा ऊबदार होते, कापसाची शेते लागतात आणि मग एकाएकी नर्मदा दिसते. नदीच्या उत्तर तीरावर तट, तटाखाली घाट, घाटांवर देवळे. किल्ला अहिल्याबाईंच्याही आधीचा आहे, परंतु आज तेथील प्रत्येक दगडावर नाव आहे ते त्यांचेच. १७२५ साली चौंडीस जन्मलेल्या या मुलीचा पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडला. सती जाण्यापासून तिला सासऱ्यांनीच परावृत्त केले. १७६६ साली मल्हारराव गेले, पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव गेला. त्यानंतर या बाईने दौलतीचा कारभार हाती घेतला, फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे सोपविले आणि आपले बिऱ्हाड महेश्वरास आणले. १७९५ च्या ऑगस्टात त्यांनी देह ठेवला तोही तेथेच. होळकरांची राजधानी इंदुरास गेली ती महिदपूरच्या पराभवानंतर, १८१८ साली.

हे सारे आपणांस शाळेत शिकविलेले असते. आमच्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसास मात्र या बाईंविषयी एका निराळ्याच गोष्टीने आदर वाटतो. होळकरांच्या घरात दौलतीचा जमाखर्च वेगळा आणि 'खासगी'चा वेगळा. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे १७३४ साली ही खासगीची जहागीर निघाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीस विश्वेश्वराचे देऊळ १७८० साली उभे राहिले, गयेस विष्णुपद, सोमनाथास नवे देऊळ, गावोगावी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे, हा त्यांचा दानधर्म या खासगीतून होई. सरकारी तिजोरी आणि आपली थैली यांतला भेद कळणारी माणसे अठराव्या शतकात होती, हे आमच्या कचेरीतील काही मंडळींस ऐकविण्याचा मोह आम्ही नेहमीच आवरतो.

आता त्या वाड्याचे उपाहारगृह कसे झाले, ते. संस्थाने विलीन झाली, १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. मोठमोठे वाडे राखायचे कोणी, हा प्रश्न साऱ्या देशभर उभा राहिला. जयपूरच्या रामबागेत १९५७ सालीच पाहुणे पैसे देऊन उतरू लागले होते. उदयपूरच्या तळ्यातला जगनिवास १९६३ साली हॉटेल झाला. राजस्थानात नीमराण्याचा किल्ला तर निव्वळ पडझड होता. १९८६ साली दोघा हौशी माणसांनी तो विकत घेतला आणि खोली खोली करून सावरला. महेश्वरच्या किल्ल्यातला भाग हॉटेल म्हणून २००० साली सुरू झाला, तो इंदूरचे अखेरचे महाराज यशवंतराव यांचे पुत्र रिचर्ड होळकर यांच्या हातून. त्यांनी आणि शालिनीदेवींनी १९७५ साली राजेरजवाड्यांच्या पाककृतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले होते, आणि त्याच दशकाच्या अखेरीस महेश्वरच्या बुडत्या मागांना हात देणारी 'रेहवा' ही संस्था काढली होती. तेव्हा चूल आणि माग या दोन्ही गोष्टी त्या वाड्यात हॉटेलाच्या आधीपासूनच मनावर घेतलेल्या होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या हुद्द्याच्या माणसाने अशा ठिकाणी राहावे, हे आमच्या वेतनश्रेणीस शोभणारे नाही. परंतु चिरंजीव बंगळुरास नोकरीस लागले आणि पहिल्या काही पगारांतून त्यांनी आईवडिलांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची भेट म्हणून दोन खोल्या परस्पर राखून ठेवल्या. दोन अशासाठी, की हिवाळ्यात आमच्याकडे काकू असते. ती आमच्या धाकट्या काकांची पत्नी. वय त्या वेळी ब्याऐंशी. नर्मदेत एकदा पाय बुडवावे एवढी तिची इच्छा होती.

येथे एक खासगी गोष्ट सांगणे भाग आहे. तशी परवानगी आम्ही काकूकडून फोनवर घेतली आहे. आमचा सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी, एक वाडा आहे. वाडा म्हणजे पेशव्यांचा नव्हे. दोन चौक, माजघर, ओसरी, परसात आड, बस्स. पण आम्हां भावंडांचे मे महिने तेथे गेले. माजघरात पंगत बसे, तीस-पस्तीस पाने. आंब्याचा रस, कुरडया, आजोबांचे श्लोक म्हणणे. गेली वीस वर्षे तेथे कोणी राहात नाही. छपराची कौले गेली, वासे उघडे पडले. पुण्याच्या थोरल्या चुलतबंधूंनी एक गिऱ्हाईक आणले. त्यांना तेथे पाहुण्यांसाठी हॉटेल करायचे होते. सहा हिस्सेदारांपैकी पाचांनी सह्या केल्या. सही राहिली होती ती आमची. तीन वर्षे आम्ही ती केली नाही. ज्या माजघरात आजोबा श्लोक म्हणत तेथे परके लोक पैसे मोजून जेवणार, ही कल्पनाच आम्हांस सोसत नव्हती. महेश्वरास निघालो तेव्हा तो कागद आमच्या पेटीत होता. पुण्याहून निर्वाणीचे पत्र आले होते.

दुपारी पोहोचलो. वाड्याचा जो भाग सर्वांस पाहावयास खुला आहे तेथे लाकडी खांबांच्या ओसरीत अहिल्याबाईंची गादी आहे. पांढरी, साधी, लोड टेकून ठेवलेली. पुण्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या बऱ्या वकिलाची बैठक याहून भारी असेल. काकू तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. नंतर घाटावर उतरलो. अहिल्याबाईंची छत्री आणि विठोजी होळकरांची छत्री पाहिली. १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलेले तेच हे विठोजी. आमची पत्नी तटाच्या दगडावरील नक्षी आणि आपल्या पदराचा काठ ताडून पाहात होती, आणि ती खरोखरच जुळत होती. काकूने पाय बुडविले, ओटी सोडली. हे सारे यथासांग झाले.

रात्रीचे जेवण बुरुजावर होते. तेथे जेवणाची ठरलेली खोली नाही म्हणा ना. कधी अंगणात, कधी बागेत, कधी नदीवरच्या सज्जात मेज मांडतात. हाती पदार्थांची यादी देत नाहीत. त्या दिवशी बागेतून आणि बाजारातून जे चांगले आले असेल ते शिजते आणि समोर येते. आपण घरी जसे जेवतो तसेच, फक्त काटे-चमचे चांदीसारखे लखलखीत. तटावर ओळीने पणत्या लावलेल्या. खाली अंधारात नर्मदा, आणि पात्राच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळात एक दिवा. चार मेजांवर परदेशी पाहुणे होते, एका मेजावर मुंबईचे एक तरुण जोडपे. सारे हळू आवाजात बोलत होते. आम्ही मराठी माणसेच तेवढी मोठ्याने.

प्रथम भोपळ्याचे पातळ सार आले, मग भाजून कुसकरलेली वांगी, बागेतल्या पाल्याची कोशिंबीर, भात, दोन प्रकारच्या डाळी. सगळ्याला चव होती आणि कशालाही तिखटाचा उद्धटपणा नव्हता. आम्ही मनापासून जेवू लागलो. पण काकूच्या पानावर काही जाईना. कांदा-लसूण घातलेले ती पन्नास वर्षांत जेवलेली नाही. काका गेले १९७५ साली, आपले हे मंडळ निघाले त्याच वर्षी. त्या वेळी ती चौतीस वर्षांची होती. "मला कपभर दूध सांग, झालं," ती म्हणाली.

वाढपी निमाडातलाच, मध्यमवयीन, पागोटे बांधलेला. त्याने हे ऐकले असावे. मराठी त्याला बोलता येत नसले तरी समजत होते. तो आत गेला आणि दहा मिनिटांनी एक थाळी घेऊन आला. तीत जोंधळ्याची जाड भाकरी होती आणि एक हिरवी, आंबूस वासाची पालेभाजी. "माँजी, ये हम लोगों का खाना है। प्याज-लहसुन नहीं है," तो म्हणाला, आणि संकोचाने पुढे म्हणाला, "अमाड़ी की भाजी।"

काकूने बोट लावून चव घेतली आणि आमच्याकडे पाहिले. "अरे, ही अंबाडी!"

निमाडात तिला अमाडी म्हणतात, आपण अंबाडी म्हणतो, एवढेच. घरापासून शेकडो कोस दूर, एका राणीच्या किल्ल्यात, नोकरांच्या चुलीवरून आलेली ती भाजी काकू जी जेवली ती भाकरीचा तुकडाही न टाकता. वाढपी तेथून हलला नाही. दुसरी भाकरी हवी का, हे त्याने तीनदा विचारले. इतर मेजांवरील मंडळी तोवर पुढच्या पदार्थाची वाट पाहात होती, हे आमच्या नजरेस आले.

आम्ही तेव्हा काय करीत होतो? आम्ही वाड्यावर व्याख्यान देत होतो. खाजगी जपणूक, परंपरा, परकी माणसे, पैसा. एकीकडे आम्हांस तेथे सर्व आवडत होते, आणि एकीकडे आपल्या माजघरात हे होता कामा नये असेही आम्ही सांगत होतो. आमच्या पत्नीने बराच वेळ ऐकून घेतले. मग ती एवढेच म्हणाली, "काकूंना कधी विचारलंत?"

श्रोतेहो, आम्ही कधी विचारले नव्हते. काकांच्या मागे त्या वाड्यात काकूचा हिस्सा होता. तिने सही केली होती, ती तीन वर्षांपूर्वीच, पुण्याच्या बंधूंनी कागद पुढे केल्याबरोबर. ती सही आम्ही पाहिली होती आणि भोळ्या बाईची सही समजून सोडून दिली होती. नस्तीत प्रत्येक विभागाचा अभिप्राय मागविल्याखेरीज पुढे न जाणारा आमच्यासारखा माणूस, आणि जिने त्या घरात एकतीस वर्षे काढली तिचा अभिप्राय आम्ही मागविला नव्हता.

आम्ही विचारले. काकूने हात पुसले आणि भलतेच उत्तर दिले.

"याचं स्वयंपाकघर बघायला मिळेल का?"

वाढप्याने आचाऱ्याला विचारले, आचाऱ्याने हसून या म्हटले. रात्रीचे साडेनऊ झाले होते. आम्ही तिघे त्या पागोटेवाल्याच्या मागून गेलो. आत चार पुरुष काम करीत होते. पांढऱ्या फरशा, उंच ओटे, भिंतीत पंखा, शेगड्यांवर पत्र्याचे मोठे धुरांडे. काकू दारात उभी राहिली. ताटे, पातेली, पितळेची भांडी यांकडे तिने लक्ष दिले नाही. ती वर पाहात होती.

"धूर कुठं जातो?"

आचाऱ्याने धुरांड्याकडे बोट दाखविले. काकूने मान हलविली. "आमच्याकडं जायचा नाही."

खोलीकडे परत येताना ती वाटेत एका कट्ट्यावर बसली आणि मग बोलली. आम्ही तिचे शब्द जसे आठवतात तसे सांगतो, कारण त्यात सुधारणा करण्याजोगे काही नाही. "तुम्ही पोरं पानावर बसत होतात, म्हणून तुम्हाला माजघर आठवतं. मी माजघरात वाढायला यायची, बसायला नाही. त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. एक झरोका होता, तोही सासूबाईंनी मांजर येतं म्हणून फळी मारून बंद केलेला. पस्तीस माणसांच्या भाकऱ्या मी त्या धुरात केल्या. डोळे तिथं गेले माझे. शेवटचं पान माझं, आणि हे गेल्यावर तर पानही नाही, तिथंच चुलीशी ताटली. आज त्या माणसानं मला आधी वाढलं. विका तो वाडा. माणसं येऊन जेवतील तर जेवू देत. पण घेणाऱ्याला माझी एक अट सांग. आधी त्या स्वयंपाकघराला खिडकी पाडायची. मग बाकीचं."

आमच्या पत्नीने तिचा हात धरला होता. आम्ही काय बोललो ते आम्हांस आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाड्यात लिंगार्चन असते. अहिल्याबाईंपासून चालत आलेला हा नेम आजही चालू आहे. ब्राह्मण मातीची लहान लहान शिवलिंगे, हजारोंच्या संख्येने, फळ्यांवर ओळीने घडवितात, पूजा होते आणि मग ती नर्मदेत सोडून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी. काकू ते पाहावयास बसली. आम्ही ओसरीच्या पायरीवर पेटी उघडून सही केली आणि कागदाच्या मार्जिनात, सवयीप्रमाणे, टिपण लिहिले.

त्यानंतरचा कारभार थोडक्यात सांगतो. साताऱ्याच्या वकिलांनी खिडकीचे कलम पाहून आधी फोनवर हसून घेतले, नंतर मसुद्यातून ते गाळले. असे कलम खरेदीखतात बसत नाही, असे त्यांचे म्हणणे. आम्ही आयुष्यभर मसुदे तपासण्याचेच काम केले असल्याने ते कोठे व कसे बसते हे त्यांस चार पत्रे लिहून दाखवून दिले. दहा महिन्यांत आम्ही जेवढा पत्रव्यवहार केला तेवढा एखाद्या मंत्रालयाशीही कधी केला नसेल. पुण्याचे बंधू रागावले, म्हणाले, एका भोकासाठी व्यवहार मोडशील. घेणारे गृहस्थ मात्र समजूतदार निघाले. त्यांनी विचारले, खिडकी कोणत्या भिंतीस? आम्हांस सांगता येईना! एवढे मे महिने काढूनही आम्ही त्या स्वयंपाकघरात कधी शिरलो नव्हतो. काकूला विचारून कळविले, पूर्वेच्या, आडाकडल्या.

महेश्वरच्या त्या वाढप्यास पत्र लिहावे असे आमच्या पत्नीच्या मनात होते, पण नाव विचारून घ्यावयाचे राहून गेले. आमच्याकडे आता दर थंडीत अंबाडीची भाजी होते. येथे झारखंडात ती बाजारात नेहमी सापडत नाही, म्हणून गच्चीवर कुंडीत लावली आहे. मंडळाच्या ज्या भगिनींस बी हवे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर भेटावे.

वाड्याचे काम अजून चालूच आहे. माजघराचे छप्पर उतरवून नवे वासे घातले आहेत, सागवानाच्या दोन तुळया मात्र जुन्याच ठेवल्या आहेत. खिडकी करारानुसार सर्वांत आधी झाली, यंदाच्या वैशाखात. घेणाऱ्या गृहस्थांनी मोबाइलवर तिचे छायाचित्र पाठविले. चांगली चौकोनी, सागवानी चौकटीची, बाहेर आडाजवळचे लिंब दिसत होते. काकूला ते दाखविले. मोतीबिंदूचे दोन्ही डोळे झाले असल्याने हल्ली तिला बरे दिसते. तिने फोन जवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "चांगली आहे. पण जरा उंच केली रे. खाली बसून भाकऱ्या करणाऱ्या बाईला त्यातून काय दिसणार?"